मणक्याची मीमांसा

शरीराच्या दुखण्याविषयी मराठी माणूस ज्या भाषेत बोलतो ती जरा कान देऊन ऐकली, तर तिच्यात एक अख्खे वैद्यक दडलेले आढळेल. त्याची बेंबी सरकते, गुडघ्याची वाटी सरकते, शिरेवर शीर चढते, मान अवघडते, पाठीत उसण भरते आणि अलीकडे मणकाही सरकू लागला आहे. या साऱ्या शब्दप्रयोगांच्या मुळाशी कल्पना एकच आहे. शरीरातील प्रत्येक वस्तूला नेमून दिलेली जागा असते. ती सुटली की दुखणे येते, आणि जाणत्या हाताने ती वस्तू पुन्हा जागी बसवली की दुखणे जाते. हा हात कोणाचा असावा याविषयीही आपल्या लोकांनी काही ठरवून ठेवले होते. उसण भरली की पायाळू माणसाला बोलवावे आणि त्याचा पाय दुखऱ्या जागी लावून घ्यावा, ही रीत महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी जगात आलेला. माझ्या लहानपणी आमच्या आळीत अशा एक काकू होत्या. पहाटे अंगणात उसणकरी पालथा पडलेला आणि काकू भिंतीचा आधार घेऊन त्याच्या पाठीवर पाय टेकवीत आहेत, हे दृश्य मी पुष्कळदा पाहिले आहे. पुष्कळांना बरे वाटे. का बरे वाटे, हे मात्र कोणी काकूंच्या पायात शोधत नसे. ते त्यांच्या जन्मकथेत शोधले जाई.

इलाज पाठीवर आणि कारण पुराणात, ही फारकत केवळ आपल्या आळीतली नव्हे. ज्या नवी मुंबईत मी राहतो, तेथे वाशी-नेरुळ भागात अधूनमधून 'कायरोप्रॅक्टिक' असा शब्द लिहिलेल्या पाट्या दिसतात. मान एका झटक्यात वळवून 'कट्' असा आवाज काढणाऱ्या तज्ज्ञांची चित्रे तरुण मंडळी फोनवर मोठ्या आवडीने पाहतात. ही विद्या अमेरिकेची. तिच्या हाताने काय साधते, हा प्रश्न वैद्यांचा आहे आणि मी वैद्य नाही. परंतु त्या हाताच्या पाठीशी जे तत्त्वज्ञान उभे करण्यात आले, ते कोठून आले आणि कशासाठी आले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे अमेरिकेतील एका कोर्टापासून वाशीच्या घाऊक बाजारापर्यंत यावे लागते. तोच प्रवास येथे मांडावयाचा आहे.

२

आरंभ आपल्या घरातूनच करू. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या व निखळलेल्या हाडांचा विचार दोन ठिकाणी आला आहे. निदानस्थानात त्यांचे प्रकार सांगितले आहेत आणि चिकित्सास्थानात उपचार. सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा, अशी मोजदाद तेथे आहे. उपचाराच्या क्रिया चार: ओढणे, दाबणे, जुळवून आणणे आणि बांधणे. बांधताना वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या वापराव्या असे सांगितले आहे. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी; ती सैल झाली तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळली तर सूज, वेदना व पू होतो, ही सूचनाही आहे. तरुणाचा सांधा महिन्यात जुळतो, मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असा हिशेबही दिला आहे.

हा सारा तपशील वाचताना मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट निराळीच. उपचाराच्या अध्यायाचा प्रारंभ बढाईने होत नाही, तो मर्यादेने होतो. जो अल्प खातो, जो मनाला आवर घालीत नाही, ज्याची प्रकृती वाताची आहे, ज्याला इतर उपद्रव जडले आहेत, त्याचे मोडलेले हाड मोठ्या कष्टाने जुळते, असे ग्रंथकार पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो. कोणत्या जखमा असाध्य म्हणून सोडून द्याव्या, हेही निदानाच्या अध्यायात नोंदलेले आहे. वातपित्तकफांचे मोठे तत्त्वज्ञान या ग्रंथाच्या पाठीशी होते. ते आज जसेच्या तसे पटणार नाही. तरीही हाड बसवताना ते तत्त्वज्ञान हाताच्या आड येत नाही. हात पुढे आहे, तत्त्व मागे आहे आणि दोघांनाही आपली कुंपणे ठाऊक आहेत.

पुढे ही विद्या पोथीतून निघून तालमीत गेली. कुस्तीच्या हौद्यात खांदे निखळायचे, बोटे मोडायची. तेव्हा ती बसवणारा वस्ताद तालमीतच तयार व्हायचा. बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने मल्लविद्येबरोबर अंगमर्दन आणि अस्थिसंधान यांचीही परंपरा जोपासली. याच माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण शिकत होता. त्याचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

असे हाडवैद्य विलायतेतही होते आणि तेथील पदवीधर डॉक्टर त्यांना तुच्छ लेखीत. परंतु १८६७ मध्ये सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यवैद्याने हाडवैद्य जे रोगी बरे करतात त्यांच्याविषयी एक व्याख्यान दिले. त्याने आपल्या बांधवांना बजावले ते असे की, तुमच्यापैकी बहुतेकांना हा प्रतिस्पर्धी भेटणारच. तेव्हा त्याचे जे चांगले ते शिका आणि वाईट ते टाळा. चारच वर्षांनी, १८७१ मध्ये, व्हार्टन हूड या डॉक्टरने हटन नावाच्या लंडनमधील हाडवैद्याचे तंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हूडच्या वडिलांनी हटनला आजारपणात फुकट औषधोपचार केला होता, त्या उपकाराची फेड म्हणून हटनने आपली विद्या त्यांच्या मुलाला दाखवली. या व्यवहारात तत्त्वज्ञान कोठेच नव्हते. एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवले, इतकेच.

३

मग तत्त्वज्ञान आले कोठून? ते समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन वैद्यकाची अवस्था ध्यानात घ्यावी लागते. रक्त काढणे आणि पाऱ्याचे कॅलोमेल पोटात घालणे हे तेव्हाचे प्रतिष्ठित उपचार होते. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरची तीन मुले १८६४ मध्ये मेंदूच्या तापाने गेली आणि औषधांवरील त्याचा विश्वास त्यांच्याबरोबरच गेला. त्याने १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथी या नव्या पंथाची घोषणा केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिची शाळा काढली. औषधाने ज्याची मुले वाचवली नाहीत त्याने औषधच नाकारावे, यात नवल नाही. या पंथांच्या उगमाशी फसवणूकच होती असे म्हणणाऱ्यांनी हे दुःख एकदा पाहावे.

डॅनियल डेव्हिड पामर याची वाट वेगळी होती. कॅनडात १८४५ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ विसाव्या वर्षी अमेरिकेत आला. शाळामास्तरकी, मधमाश्या पाळणे, किराणा दुकान असे नाना उद्योग करून तो शेवटी 'चुंबकीय उपचार' करू लागला. रोग्याच्या अंगावर हात ठेवून आपली प्राणशक्ती त्याच्यात उतरवावयाची, असा तो प्रकार. मिसिसिपी नदीकाठच्या डेव्हनपोर्ट गावात त्याचा दवाखाना होता आणि त्याच इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचा एक कृष्णवर्णीय कामगार साफसफाई करी. तो सतरा वर्षे बहिरा होता. पामर सांगतो की, वाकून काम करताना पाठीत काहीतरी 'सुटले' आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे लिलार्डनेच त्याला सांगितले. पामरने पाठ चाचपली, एक मणका वर आलेला त्याच्या हाताला लागला, तो त्याने दाबून बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले. ही गोष्ट १८९५ सालची. स्वतः लिलार्डच्या कुटुंबात ती जराशी वेगळी सांगितली जाई. शरीरशास्त्रज्ञ म्हणतात की, कानाची मज्जा कवटीच्या आतल्या आत मेंदूला मिळते, ती पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. लिलार्डला खरोखर काय झाले होते, याचा निवाडा आता कोणी करू शकणार नाही.

निवाडा करता येतो तो पामरने पुढे काय केले याचा. समुएल वीड या धर्मोपदेशकाने त्याला ग्रीक भाषेतून नाव शोधून दिले: कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने केलेले काम. नाव असे नम्र. पण त्याखाली जो सिद्धांत आला तो मुळीच नम्र नव्हता. शंभरातले पंच्याण्णव रोग जागचे हललेल्या मणक्यांमुळे होतात आणि उरलेले पाच इतर सांधे हलल्यामुळे, असे पामरने लिहिले. शरीरात एक 'उपजत प्रज्ञा' वास करते. ती विश्वप्रज्ञेचा अंश आहे. मज्जातंतूंच्या वाटेने ती सर्व इंद्रियांचा कारभार पाहते. मणका किंचित सरकला की, त्या वाटेत अडथळा येतो आणि रोग होतो. या सरकण्याला त्याने 'सबलक्सेशन' म्हटले. वैद्याचे काम रोग बरा करणे हे नव्हेच. अडथळा काढावयाचा, बाकीचे ती प्रज्ञा पाहून घेईल.

मराठी वाचकाला हे ऐकताना ओळखीचे काही कानी पडल्यासारखे वाटेल. पिंडी ते ब्रह्मांडी हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो; मेरुदंडातून जाणारी सुषुम्ना नाडी आपल्या योगग्रंथांत आहे. म्हणूनच 'हे तर आमचेच' असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे लवकर होतो. तो मोह आवरावा हे बरे. पामरची प्रज्ञा त्याच्या काळातील अमेरिकेत फोफावलेल्या चुंबकीय उपचारांच्या आणि परलोकविद्येच्या मातीतून आली होती. दोन कल्पना एकमेकींसारख्या दिसल्या म्हणून त्यांचे गोत्र एक ठरत नाही. आणि ठरले तरी गोत्र जुने असल्याने एखादी गोष्ट खरी होत नाही.

४

हे तत्त्वज्ञान एवढे घट्ट का झाले, याचे उत्तर मला दवाखान्यापेक्षा कोर्टात अधिक सापडते. परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल पामरला १९०६ मध्ये शिक्षा झाली आणि दंड नाकारून तो काही दिवस तुरुंगात जाऊन बसला. दुसऱ्या वर्षी विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस गावी त्याच्या शाळेचा एक पदवीधर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. त्याचे नाव शेगेतारो मोरिकुबो, जन्माने जपानी. परवाना नसताना ऑस्टिओपॅथी करतो, असा त्याच्यावर आरोप होता. त्याचा वकील टॉम मॉरिस याने युक्तिवाद केला तो असा: कायरोप्रॅक्टिक हे ऑस्टिओपॅथी नव्हेच. तिचे शास्त्र वेगळे, कला वेगळी आणि तत्त्वज्ञानही वेगळे. ऑस्टिओपॅथी रक्ताभिसरणाला प्रधान मानते, कायरोप्रॅक्टिक मज्जातंतूंना. मोरिकुबो सुटला.

या खटल्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. दोन्ही पंथांचे हात पाठीवर जवळपास एकसारखेच चालत होते. हातांत फरक दाखवता येईना, तेव्हा तो विचारांत दाखवला गेला आणि त्याने माणूस तुरुंगातून वाचला. तेव्हापासून तत्त्वज्ञान ही या व्यवसायाची ढाल झाली. अमेरिकेत कायरोप्रॅक्टिकला परवाना देणारा पहिला कायदा कॅन्सास राज्याने १९१३ मध्ये केला आणि शेवटचा लुइझियानाने १९७४ मध्ये. मधल्या साठ वर्षांत कित्येक कायरोप्रॅक्टर तुरुंगाची वारी करून आले. ज्या विचाराने तुरुंगापासून राखले, त्यावर शंका घेणे म्हणजे स्वकीयांशी द्रोह, असे त्या मंडळींना वाटले असेल तर ते मानवी स्वभावाला धरूनच आहे. पण ढाल सतत डोळ्यांपुढे धरली की, समोरचे दिसत नाही, हेही तितकेच खरे. पंथात लवकरच दोन तट पडले. केवळ मणक्यावर विसंबणारे 'सरळ' आणि इतर उपचारही जोडीला घेणारे 'मिश्र'. हे भांडण अद्याप पुरते मिटलेले नाही.

५

आता १९२४ सालाकडे येऊ. त्या एका वर्षात दोन ठिकाणी, एकमेकांची गंधवार्ताही नसताना, दोन माणसे शरीराच्या गूढाला यंत्र लावीत होती.

डेव्हनपोर्टला पामरचा मुलगा बार्टलेट जोशुआ, म्हणजे सर्वतोमुखी 'बी. जे.', आपल्या अनुयायांसमोर 'न्यूरोकॅलोमीटर' नावाचे उपकरण घेऊन आला. पाठीच्या दोन्ही बाजूंच्या उष्णतेतील फरक दाखवणारे ते यंत्र होते आणि त्यावरून सरकलेला मणका नेमका सापडतो, असा त्याचा दावा होता. यंत्र विकत मिळत नसे, भारी दराने भाड्याने घ्यावे लागे. आणि त्यावाचून कोणालाही सबलक्सेशन अचूक शोधता येणार नाही, असे बी. जे.चे म्हणणे होते. त्याचे पुष्कळ निष्ठावंत सहकारी या एका गोष्टीवरून त्याला सोडून गेले.

त्याच वर्षी इकडे लोणावळ्याला माणिकरावांचा तो शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, आता स्वामी कुवलयानंद, कैवल्यधाम आश्रम स्थापन करीत होता. त्यांचे गुरू माधवदासजी महाराज. योगक्रियांविषयीची श्रद्धा त्यांना गुरूंकडून मिळाली होती. पण त्या क्रिया शरीरात नेमके काय करतात, हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्यात क्ष-किरणांची आणि दाबमापकाची मदत घेतली. नौली चालू असताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांना आढळले. बस्तिक्रियेत पाणी आपोआप आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या पोकळीला त्यांनी गुरूचे नाव दिले. परंतु तिचे आकडे 'योगमीमांसा' या १९२४ मध्येच सुरू केलेल्या त्रैमासिकात छापले, कोणीही ते तपासावे आणि खोडून काढावे म्हणून.

कुवलयानंदांचे सगळे निष्कर्ष आजच्या कसोटीला उतरतील असे मी म्हणत नाही. या दोन यंत्रांतील फरक मात्र ध्यानी घेण्यासारखा आहे. एका यंत्राला आधीच ठाऊक असलेले उत्तर दाखवावयाचे होते, दुसऱ्याला प्रश्न विचारावयाचा होता. श्रद्धा दोन्हीकडे होती. कुवलयानंदांनी ती दाबमापकाच्या बाहेर, नावापुरती ठेवली, बी. जे.ने ती यंत्राच्या आत भरली.

आपल्या मुंबईत पुढे जे घडले ते या दुसऱ्या वाटेनेच घडले. केईएम रुग्णालयात १९५० मध्ये कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. या अमेरिकेत जन्मलेल्या आणि मराठी घरात सून म्हणून आलेल्या बाई. पाठोपाठ त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली. पोलिओने लुळी पडलेली मुले समोर होती. त्यांना उभे करावयाचे होते. विश्वप्रज्ञेची चर्चा करावयास कोणाला सवड नव्हती. महाराष्ट्राने या दोन्ही व्यवसायांसाठी २००२ च्या कायद्यान्वये परिषद नेमली. कायरोप्रॅक्टिकसाठी मात्र भारतात अशी स्वतंत्र परिषद नाही. तेव्हा पाटीमागचा हात कोठे आणि किती वर्षे शिकला, हे ज्याचे त्यानेच विचारून घ्यावे लागते.

६

मग पामरच्या सिद्धांताचे अखेर काय झाले? अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार घातला होता. त्याविरुद्ध चेस्टर विल्क व त्यांचे सहकारी १९७६ मध्ये कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. बहिष्कार बेकायदा ठरला. परंतु बहिष्कार चूक ठरला म्हणून सिद्धांत बरोबर ठरत नाही. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये सांगितले की, सबलक्सेशन ही इतिहासातील कल्पना आहे आणि तिच्यामुळे रोग होतात, याला संशोधनाचा आधार नाही. झटक्याबरोबर होणारा तो 'कट्' आवाजही हाड जागी बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी झाल्याचा तो आवाज असतो.

हे एकीकडे, आणि दुसरीकडे असे की, कंबरदुखीच्या रोग्याला हाताच्या या उपचाराने थोडाबहुत आराम पडतो, व्यायामादी इतर मान्य उपचारांइतकाच पडतो, असे पुष्कळ चाचण्यांत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर २०२३ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात व्यायाम, शिक्षण यांच्या रांगेत मणक्यावरील हस्तोपचारालाही एक जागा दिली. मानेचे मात्र जपावे लागते. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना क्वचित का होईना नोंदल्या गेल्या आहेत.

म्हणजे तत्त्वज्ञान पडले आणि हात उरला. पंच्याण्णव टक्के रोगांचे राज्य गेले, कंबरेच्या दुखण्याची एक लहानशी जहागीर राहिली. मला यात हाताचा पराभव दिसत नाही, उलट त्याची सुटका दिसते. आळीतल्या काकूंच्या पायालाही जन्मकथेतून असेच सोडवता येईल. पाठीवर बेताचा भार पडला, स्नायू सैल झाले, आणि कोणीतरी आपले दुखणे मनावर घेतले याने माणूस निवांत झाला. शिवाय बहुतेक उसणी चार दिवसांनी आपोआपच जातात. एवढे म्हटले म्हणून काकूंचे उपकार रतिभरही कमी होत नाहीत.

७

परंतु या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा धडा मला कोणत्याही दवाखान्यात सापडला नाही. तो सापडला वाशीच्या बाजारात. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, ठाण्याच्या खाडीवर पूल १९७३ मध्ये झाला आणि पुढे मुंबईच्या घाऊक बाजारपेठा एकेक करून वाशीला आल्या. त्यांच्याबरोबर माथाडी आले. त्यांतले पुष्कळ सातारा जिल्ह्यासारख्या घाटावरच्या मुलखातले. नवी मुंबईच्या उभारणीचे श्रेय नगररचनाकारांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण या शहराचे धान्य, साखर, कांदा-बटाटा रोज ज्यांच्या पाठीवरून उतरतो, त्या पाठी कोणत्याही नकाशात दाखवलेल्या नाहीत.

एखाद्या माथाडीची कंबर धरली आणि तो पामरच्या शिष्याकडे गेला, असे क्षणभर समजा. शिष्य मणका चाचपील आणि म्हणेल, कारण सापडले, हा मणका सरकला आहे. तो प्रामाणिक असेल, त्याचा हातही चांगला असेल, माथाडीला दोन दिवस बरे वाटेलही. तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रक उभा असेल आणि गोणी तेवढ्याच वजनाची असेल. दुखण्याचे कारण शरीराच्या आतच असते, असा ज्या तत्त्वज्ञानाचा हट्ट आहे, त्याला पाठीवरची गोणी दिसत नाही. सबलक्सेशनच्या सिद्धांतातला मोठा दोष मला हा वाटतो. तो शरीरशास्त्राला धरून नाही, हा दोष दुय्यम.

गोणी ज्यांना दिसली त्यांनी निराळी चिकित्सा केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की, प्रौढ पुरुष कामगाराने एका वेळी उचलावयाचे ओझे ५५ किलोंच्या वर नसावे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी यांची व्यवस्था मंडळांच्या हाती आली. पन्नास किलोंहून जड गोणी आम्ही उचलणार नाही, असा आग्रह माथाडींनी बाजारात वेळोवेळी धरला आहे. कंबरदुखीच्या इतिहासात या मागणीला कोणी वैद्यकीय शोध म्हणणार नाही. मी म्हणेन. पाठीचे जितके भले तिने होईल, तितके जगातल्या साऱ्या कायरोप्रॅक्टरांचे हात मिळून करू शकणार नाहीत.

याचा अर्थ हातांना रजा द्यावी असा नव्हे. दुखत्या पाठीला स्पर्श हवाच असतो, आणि तो शिकलेला, सावध स्पर्श असेल तर त्याच्यासारखे औषध नाही. त्याला विश्वप्रज्ञेची वकिली नको आणि जुन्या ग्रंथांची मिरवणूकही नको. त्याला दोनच तत्त्वे पुरेत. एक सुश्रुताने अध्यायाच्या तोंडाशीच सांगून ठेवले आहे: आपल्या हाताने काय होणार नाही, ते रोग्याला आधी सांगावे. दुसरे वाशीच्या बाजाराने शिकवले: पाठ चाचपण्यापूर्वी तिच्यावर काय ठेवले होते, ते विचारावे.